उकार कुठे उतरतो ते आधी बघा

पत्र : मी ग्राफिक डिझायनर आहे. सात वर्षं पॅकेजिंग आणि जाहिरातींचं काम करते, पण जीव रमतो पुस्तकांच्या मुखपृष्ठांत. न मागितलेली, मनानेच केलेली चाळीसेक मुखपृष्ठं संगणकात पडून आहेत. यंदा पहिलं खरं काम मिळालं, 'दुर्गम वाटेवरची विहीर' नावाची कादंबरी. विहिरीचा गडद फोटो, काळी पार्श्वभूमी, त्यावर पांढऱ्या सडपातळ अक्षरांत दोन ओळींचं शीर्षक, डावीकडून लावलेलं, मोकळं वाटावं म्हणून ४० ट्रॅकिंग (अक्षरांमधलं वाढीव अंतर). पडद्यावर सगळ्यांना आवडलं. छापून आलं तेव्हा शीर्षक विरलेलं, शिरोरेषेला भेगा. पुस्तकाच्या पाठीचा, म्हणजे कण्याचा, मातकट पट्टा दीड मिलिमीटर मुखपृष्ठावर सरकलेला. काळा रंग राखाडी आणि मलपृष्ठावरचा बारीक मजकूर दुहेरी दिसतो. पुस्तक २४० पृष्ठांचं, कणा मी १३ मिमी धरला होता. आता दुसरी आवृत्ती निघते आहे आणि प्रकाशक सुधारायची संधी देताहेत. काय काय बदलू? आणि नोकरी सोडून फक्त मुखपृष्ठंच करावीत का?
— अक्षरवेडी

प्रिय अक्षरवेडी,

तुमच्या तक्रारींपैकी कणा, काळा रंग आणि दुहेरी मजकूर ही तिन्ही दुखणी छपाईची आहेत. ती आकडे नीट घातले की बरी होतात, तेव्हा त्यांची फार चिंता करू नका. खरा प्रश्न शीर्षकाचा आहे. तुम्ही आधी फोटो निवडलात आणि उरलेल्या जागेत अक्षरं बसवलीत. जाहिरातीत हे चालून जातं, कारण तिथे चित्र हाक मारतं आणि अक्षरं माहिती देतात. पुस्तकाच्या बाबतीत हाक मारायचं काम शीर्षकाचंच असतं. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू करताना फोटो बंद करा. फाइलमधला तो थर सरळ झाकून ठेवा आणि पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, एवढंच समोर राहू द्या.

भेगांपासून सुरुवात करू. ४० ट्रॅकिंग म्हणजे अक्षराच्या आकाराच्या हजार भागांपैकी ४० भाग, म्हणजे ६० पॉइंटांच्या शीर्षकात प्रत्येक अक्षरानंतर २.४ पॉइंट, साधारण ०.८५ मिमी. रोमन लिपीतल्या मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत ही मोकळीक देखणी दिसते, कारण ती अक्षरं सुटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. फाँट करणारा प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरात जेमतेम घुसेल एवढीच ओढतो. पाऊण मिलिमीटरच्या पुढे ताण दिला की ती रेघ तुटणारच. पडद्यावर पूर्ण पान बघताना ही फट एखाद्या पिक्सेलच्या आत लपली असेल. छपाईने ती उघडी पाडली. तेव्हा ट्रॅकिंग शून्यावर आणा. मोकळं शीर्षक हवंच असेल तर अक्षरांचं आउटलाइनमध्ये (टंकाऐवजी नुसत्या आकारांत) रूपांतर करा, हाताने अंतर वाढवा आणि शिरोरेषा शब्दागणिक एकसंध नव्याने काढा. काना आणि त्याचं अक्षर यांतलं अंतर मात्र वाढवू नका. 'वा' हे एक अक्षर आहे. काना लांब गेला की डोळा 'व' वाचतो आणि पुढे अडखळतो.

याच्याच पोटात आणखी एक खोच आहे. उणे ट्रॅकिंग दिलं किंवा अक्षरांना बाह्यरेषा, पारदर्शकता, फॉइल (धातूसारखी चमकती पन्नी) असं काही दिलं, की शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे गाठी उमटतात. उपाय सोपा आहे. आउटलाइन करा आणि शब्दातले सगळे आकार 'युनाइट' करून एक करा. मूळ टंकलेला मजकूर वेगळ्या थरात झाकून जपून ठेवा, कारण आउटलाइन केलेल्या शीर्षकात शुद्धलेखनाची चूक सापडली तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

आता ओळी. तुम्ही शीर्षक 'दुर्गम वाटेवरची' आणि 'विहीर' असं दोन ओळींत, डावीकडून लावलंत. या शीर्षकाचं हाड तपासा. रेषेच्या वर जाणाऱ्या गोष्टी आहेत: 'र्ग'चा रफार, 'टे'ची मात्रा, 'ची', 'वि' आणि 'ही' यांच्या वेलांट्या. रेषेखाली जाणारी गोष्ट एकच, 'दु'चा उकार. आणि डावीकडून लावल्यामुळे तो एकुलता एक उकार नेमका 'वि'च्या वेलांटीवर येऊन आपटतो. तो आपटू नये म्हणून तुम्ही दोन ओळींतलं अंतर वाढवलं असणार. त्यामुळे शीर्षकाचे दोन तुकडे झाले. ते विरलेलं दिसायला निम्मं कारण हेच आहे.

तेच शीर्षक तीन ओळींत मांडून बघा: 'दुर्गम', 'वाटेवरची', 'विहीर'. 'दु'चा उकार आता 'वा'वर उतरतो आणि 'वा'च्या डोक्यावर काहीच नाही, म्हणजे तिथे त्याला मोकळी जागा आहे. 'वाटेवरची'च्या खाली एकही चिन्ह लोंबत नाही, त्यामुळे 'विहीर'च्या वेलांट्यांना वर जायला आख्खी पट्टी मिळते. तिन्ही ओळी एकमेकींना चिकटवून एक घट्ट ठोकळा होतो आणि त्याच रुंदीत अक्षरं बरीच मोठी करता येतात, कारण आता सर्वांत लांब ओळ 'वाटेवरची' एवढीच आहे. दोनच ओळी ठेवायच्या असतील तर उजवीकडून लावा: 'विहीर' मग 'वरची'खाली येते आणि टक्कर टळते. देवनागरीत शीर्षक डावीकडून लावायचं की मधोमध, हा निर्णय आवडीने घेऊ नये. आधी वरखाली जाणारी चिन्हं कागदावर गोल करून मोजा आणि मग ओळी तोडा. फाँटने आपोआप दिलेलं ओळींचं अंतर शीर्षकासाठी कधीच प्रमाण मानू नका. ते सगळ्यांत उंच वेलांटी आणि सगळ्यांत खोल जोडाक्षर एकाखाली एक आलं तरी भिडू नये अशा बेताने ठरवलेलं असतं, आणि तुमच्या शीर्षकात ती जोडी असतेच असं नाही.

वजनाबद्दल. सडपातळ फाँट मोठा केला की नाजूक दिसतो, हा अंदाज गडद पार्श्वभूमीवर फसतो. उलट्या छपाईत, म्हणजे काळ्यात पांढरं सोडताना, शाई चारही बाजूंनी पांढऱ्यावर पसरते. ०.३ मिमीपेक्षा बारीक रेघ त्यात गिळली जाते, आणि 'ह'चा गाठीसारखा भाग, वेलांटीचं टोक आधी बुजतं. शीर्षकातली सर्वांत बारीक रेघ छापील आकारात पट्टीने मोजा. ती किमान अर्धा मिलिमीटर भरू द्या. त्यासाठी फाँटचं खरं जाड वजन वापरा. संगणकाने कृत्रिमरीत्या जाड केलेलं वापरू नका, कारण तो अक्षराच्या बाहेर आणि आत सारखीच शाई चढवतो आणि अनुस्वाराचे ठिपके मात्रेला जाऊन चिकटतात. शीर्षक जागेत बसत नाही म्हणून ते ८० टक्के रुंदीला दाबणं हा त्याहून वाईट प्रकार. उभे दांडे बारीक होतात, आडवी शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते आणि सगळा शब्द छपराखाली चेंगरल्यासारखा दिसतो. अरुंद हवं असेल तर अरुंद म्हणूनच घडवलेला फाँट शोधा.

फाँट निवडताना नावावर किंवा नमुन्यातल्या 'अआइई'वर जाऊ नका. एक कसोटी-ओळ बनवून ठेवा आणि प्रत्येक नवा फाँट तिच्यावर घासा: शल्य, लक्ष, ऱ्हास, दऱ्या, दृष्टी, श्रद्धा, उद्ध्वस्त, ॲ, हृदय, रूं, र्की, कॉं. जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसलं, 'र्की'त रफार वेलांटीवर चढला किंवा 'रूं' गुदमरला, तर तो फाँट मराठी मुखपृष्ठाच्या कामाचा नाही. 'ल' आणि 'श' विशेष पाहा. बऱ्याच फाँटांत ही अक्षरं हिंदी वळणाची असतात आणि मराठी वळण आत दडवलेलं असतं. मजकुराची भाषा 'मराठी' अशी लावली की ते आपोआप वर येतं. न आल्यास ग्लिफ-फलकातून (फाँटमधल्या सगळ्या अक्षराकृतींच्या तक्त्यातून) निवडावं लागतं. तुमच्या शीर्षकात ही दोन्ही अक्षरं नाहीत, पण लेखकाच्या नावात आणि मलपृष्ठावर ती असतीलच, आणि वाचकाला कारण सांगता आलं नाही तरी परकेपणा जाणवतो. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' (अशा लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सोय) लावला आहे ना, हेही बघा, नाहीतर वेलांट्या अक्षरांच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतात. प्रकाशकाकडून आलेला मजकूर युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फाँटमधून रूपांतरित केलेला असेल तर 'ऱ्या', 'ॲ' आणि अवतरणचिन्हं एकेक करून तपासा. तिथे हमखास मोडतोड होते.

खुल्या परवान्याच्या फाँटांपैकी 'मुक्त' हा वजनांची मोठी शिडी असलेला, कणा आणि मलपृष्ठासाठी भरवशाचा. 'तिरो देवनागरी मराठी' साहित्यिक मजकुराला शोभतो आणि त्यात मराठी वळण आधीपासूनच आहे. 'रोझा' जाड-बारीक फरकाचा. तो मोठ्या आकारात सुंदर दिसतो, पण उलट्या छपाईत त्याच्या केसासारख्या रेषा जातील. 'बलू' गुबगुबीत आणि खेळकर, गंभीर कादंबरीवर घातलात तर लेखक तुम्हाला माफ करणार नाही. हे चारही ओपन फाँट लायसन्सखाली मिळतात, म्हणजे व्यावसायिक मुखपृष्ठावर वापरायला वेगळी परवानगी लागत नाही. इतर फाँटांचे परवाने वाचा. 'वैयक्तिक वापरासाठी फुकट' लिहिलेला फाँट विकाऊ पुस्तकावर चालत नाही.

तरीही एक मत स्पष्ट मांडतो. अशा तीन शब्दांच्या शीर्षकाला फाँट शोधत बसण्यापेक्षा अक्षरं हाताने काढा. मराठीत ही परंपरा भक्कम आहे. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं समोर ठेवून अभ्यास करा. त्यांत नाटकाचा स्वभाव अक्षराच्या बांध्यात उतरतो आणि तरी शब्द एका नजरेत वाचता येतो. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचं काम दुसऱ्या कारणासाठी पाहा. विंडोजमधला 'मंगल' फाँट करणाऱ्या या माणसाने सुलेखनात अक्षर पार मोडूनही पाहिलं. दोन्ही टोकं बघितल्यावर तुमची जागा तुम्हाला कळेल.

हाताने काढायचं ते असं. चपट्या तोंडाचा १० किंवा १२ मिमीचा ब्रश घ्या, नाहीतर तिरकं तोंड कापलेला बोरू. देवनागरीतली जाड-बारीक रोमनच्या उलट्या तिरकसपणाने पडते, म्हणून रोमनसाठी कापलेली निब तशीच वापरली तर अक्षर परकं उतरतं. शिरोरेषेची जाडी निबेच्या रुंदीशी मिळती ठेवा आणि अक्षराची उंची पाच निबांएवढी धरून सुरुवात करा. चार केली की शब्द काळाकुट्ट होतो, सात केली की हडकुळा. एका बैठकीत शीर्षक तीसदा लिहा. पहिली दहा हस्ताक्षराची सवय असतात, पुढची दहा कुणाची तरी नक्कल असतात, उपयोगाचं जे काय निघतं ते शेवटच्या दहांत. त्यांतलं एखादं ६०० डीपीआयने स्कॅन करा, वेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांचं चित्र) करा आणि कमीत कमी नोड (रेषा वळवणारे बिंदू) ठेवून वळणं हाताने साफ करा. आपोआप केलेलं ट्रेसिंग तसंच ठेवू नका. त्यातल्या खडबडीत कडा मोठ्या आकारात घाणेरड्या दिसतात. आणि 'विहीर'मधल्या वेलांटीला बादली बांधायचा मोह झाला तर ब्रश खाली ठेवा. शब्द जे सांगतो तेच अक्षराने पुन्हा दाखवलं की विनोद होतो.

हेच फोटोलाही लागू आहे. शीर्षकात विहीर आहे, मग चित्रात पुन्हा विहीर कशाला? कादंबरी पुन्हा वाचा आणि दोन याद्या करा: पुस्तकात दिसणाऱ्या वस्तू आणि पुस्तकभर जाणवणाऱ्या अवस्था. पहिल्या यादीतलं शीर्षकात न आलेलं काहीतरी उचला आणि दुसऱ्या यादीतल्या एका शब्दाने त्याचा रंग ठरवा. प्रकाशकाला फोटोच हवा असेल तर त्यात शीर्षकाच्या ठोकळ्याएवढी शांत जागा आहे का ते बघा. अक्षरांखाली काळी सावली टाकून वाचनीयता विकत घेऊ नका. चित्र छापील आकारात ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) हवं. १४० × २१६ मिमीच्या पुस्तकाच्या नुसत्या दर्शनी बाजूसाठी, ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा कड) धरून, सुमारे १६९० × २६२० पिक्सेल.

आता कणा. तुम्ही १३ मिमी कुठून आणलात ते पत्रात नाही, पण अंदाजच असणार. हिशोब असा. २४० पृष्ठं म्हणजे १२० पानं. हा फरक मुद्रकाशी बोलताना नीट उच्चारा, कारण आपल्याकडे 'पान' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात आणि एका गैरसमजाने कणा दुप्पट होतो. कागदाची जाडी म्हणजे जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) गुणिले बल्क (कागद किती फुगीर आहे तो आकडा). ७० जीएसएम, बल्क १.३ असेल तर ९१ मायक्रॉन, म्हणजे ०.०९१ मिमी. १२० पानांचे १०.९ मिमी. त्यात मुखपृष्ठाच्या कार्डाची जाडी दोनदा मिळवा. ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डाची सुमारे ०.३ मिमी धरली तर एकूण ११.५ मिमी. तुमच्या कागदाची ही जात असेल तर तुम्ही दीड मिलिमीटर जास्त धरलात. त्यातला निम्मा, पाऊण मिलिमीटर, मुखपृष्ठाकडे गेला आणि उरलेला पाऊण बांधणीच्या सरकण्याने. परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पानांची पाठ गोंदाने चिकटवलेल्या बांधणीत) एक मिलिमीटर इकडेतिकडे होणं हा दोष धरत नाहीत. आकड्यांवर विसंबण्यापेक्षा मुद्रकाकडे त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची कोरी बांधलेली डमी मागा आणि कॅलिपरने मोजा.

पण मोजमाप बरोबर आलं तरी तुमचा मातकट पट्टा कुठल्या तरी प्रतीत सरकणारच, कारण कण्याच्या घडीवरच रंग बदलायचं ठरवलंत. घडीवर सरळ रेघ म्हणजे चूक मोजायची पट्टी तुम्हीच छापून दिल्यासारखं आहे. पट्टा हवाच असेल तर तो दोन्ही बाजूंना ८–१० मिमी मुद्दाम पुढे आणा. मग एक मिलिमीटरची हालचाल कुणाला दिसत नाही. नाहीतर पार्श्वभूमी तिन्ही भागांवरून अखंड वाहू द्या. ११.५ मिमीच्या कण्यात दोन्हीकडे २ मिमी सोडा, उरलेल्या ७.५ मिमीत वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत सगळं मावलं पाहिजे. पुस्तक पालथं न घालता वाचता यावं म्हणून कण्यावरचं शीर्षक वरून खाली लावतात, त्यामुळे अक्षरांची डोकी मुखपृष्ठाकडे येतात. कणा तिकडे सरकला तर पहिल्यांदा वेलांट्या घडीवर मोडतात. म्हणून अक्षरांचा मधला पट्टा, शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतचा, आधी मध्यावर ठेवा आणि मग अर्धा मिलिमीटर मलपृष्ठाकडे ढकला. कणा ६ मिमीपेक्षा कमी असेल तर त्यावर काहीच छापू नये, हे उत्तम.

पूर्ण फाइलची रुंदी १४० + ११.५ + १४० म्हणजे २९१.५ मिमी, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड धरून २९७.५ × २२२ मिमी. कडेपासून ५ मिमीच्या आत कुठलंही अक्षर नको, आणि लेखकाचं नाव तर ८ मिमी आत ठेवा. कटिंगची पट्टी थोडी तिरकी पडली की तळाशी असलेली ओळच ती चहाडी करते.

काळा रंग राखाडी आला, कारण एवढ्या मोठ्या जागेवर फक्त १०० टक्के काळी शाई होती आणि वर बहुधा मॅट लॅमिनेशन. मॅट पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, त्यामुळे गडद रंग आणखी उतरतो, शिवाय त्यावर बोटांचे आणि घासल्याचे ठसे बसतात. मोठ्या काळ्या भागासाठी सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, काळा १०० असं मिश्रण द्या. बेरीज २४० होते, ती आर्ट कार्डाला झेपते. ३०० च्या पुढे गेलात तर शाई वाळत नाही आणि ताव एकमेकांना डाग लावतात.

मलपृष्ठावरच्या मजकुराचं दुखणं बरोबर उलटं. तिथे काळा चार शाईंत फोडला गेला. आरजीबीतला (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या वरच्या चार शायांत) नेला की फोटोशॉपच्या एका प्रचलित सेटिंगमध्ये तो साधारण ७५-६८-६७-९० होतो, आणि चार प्लेटा केसभर सरकल्या तरी बारीक अक्षर दुहेरी दिसतं. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के, ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता वरून छापणं) चालू. तो फोटोशॉपमध्ये कधीच टाइप करू नका, तिथे फाइल सपाट केली की अक्षरं पिक्सेल होतात. पीडीएफ पाठवण्याआधी अॅक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडा आणि काळी प्लेट बंद करा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. त्याचं भूत मागे राहिलं तर फाइल परत. काळ्या मिश्रणातून पांढरी सोडलेली लहान अक्षरं असतील तर त्या भागात मिश्रण सोपं करा: काळा १०० आणि सायन ४०, बस्स. दोनच शाया, म्हणजे सरकायला जागाही कमी.

मलपृष्ठाचा मजकूर १० पॉइंट, ओळींत १४.५–१५ पॉइंट, १२० शब्दांच्या आत. प्रकाशक नेहमी दोनशे पाठवतात. पॉइंट कमी करण्याऐवजी शब्द कमी करून मागा. बारकोड पांढऱ्यावर काळा, १०० टक्के आकार ३७.२९ × २५.९३ मिमी, ८० टक्क्यांच्या खाली नको. त्याच्या डावी-उजवीकडची कोरी जागा कापू नका. लाल पट्ट्यांचा बारकोड करू नये: स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच दिसतात.

स्पॉट यूव्ही (ठरावीक जागेपुरता चमकदार लेप) किंवा फॉइल सुचवणार असाल तर ते शीर्षकाच्या जाड अक्षरांवरच. अर्धा मिलिमीटर सरकणं तिथे धरूनच चालावं लागतं. बारीक वेलांटीच्या एका कडेला चमक लागली नि दुसरी कोरी राहिली, की महागाचं काम गचाळ दिसतं.

पाठवण्याआधी तीन गोष्टी कराच. मुखपृष्ठ १०० टक्के आकारात छापून, कापून, एखाद्या जुन्या पुस्तकाला गुंडाळा आणि तीन मीटरवरून बघा. मग तेच १२० पिक्सेल उंचीला छोटं करा. ऑनलाइन पुस्तक घेणारा आधी तेवढंच पाहतो. शेवटी करडं करून पाहा. रंग काढल्यावर शीर्षक पार्श्वभूमीत बुडत असेल तर तुमचा विरोध रंगात होता, उजेडात नव्हता.

नोकरीचं. आत्ता सोडू नका. मुखपृष्ठाचं एक काम वाचन, दोन-तीन पर्याय, लेखकाच्या शंका आणि छपाईसह तीन ते पाच आठवडे चालतं आणि पैसे बहुतेकदा पुस्तक निघाल्यावर हातात येतात. नोकरीबरोबर वर्षभरात पाच-सहा खरी, छापलेली मुखपृष्ठं करा आणि निदान तीन वेगळ्या प्रकाशकांची करा. त्यांतल्या दोघांनी तुम्हाला स्वतःहून पुन्हा बोलावलं तर विषय पुन्हा काढू. त्या चाळीस काल्पनिक मुखपृष्ठांतून पाच निवडा, पण पाच वेगवेगळ्या पुस्तकांची नकोत. एकाच काल्पनिक लेखकाच्या पाच पुस्तकांची मालिका करा. प्रकाशकाला एक चमकदार मुखपृष्ठ करणारे पुष्कळ भेटतात. पाचव्या पुस्तकातही शिस्त टिकवणारा क्वचित भेटतो. लांब नावं, छोटी नावं, दोन लेखक, एक संपादक, असे अडचणीचे प्रकार मुद्दाम घ्या.

काम घेताना लेखी ठरवा: किती पर्याय, किती फेऱ्या (दोन पुरे), चित्राचे आणि फाँटचे हक्क कुणी घ्यायचे, मोबदला कुठल्या आवृत्त्यांसाठी, ई-पुस्तकासाठी वेगळा का, आणि मूळ फाइल द्यायची की फक्त पीडीएफ. आतल्या श्रेयपृष्ठावर 'मुखपृष्ठ :' पुढे तुमचं नाव येईल, अक्षरं तुम्ही काढली असतील तर 'अक्षरलेखन'ही वेगळं, हे आधीच लिहून घ्या.

आणि प्रकाशकांना आजच एक प्रश्न विचारा: दुसरी आवृत्ती त्याच कागदावर निघणार आहे का? पुनर्मुद्रणाला बऱ्याचदा कागद बदलतो, कधी आठ-सोळा पृष्ठं प्रस्तावनेची वाढतात. दोन्हींपैकी काहीही झालं तर वरचा ११.५ चा आकडा विसरा आणि नवी डमी आल्याशिवाय कण्याला हात लावू नका.